साडेसहाशे वर्षं जुनी चावी: गुणाकार उलटा फिरवण्याची गोष्ट

(ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. आकडे बरेच आहेत, त्यामुळे यावेळी वाचणाऱ्यांची जास्त सोय होणार आहे.)

सुरुवातीलाच एक प्रश्न. कॅल्क्युलेटर काढायचा नाही हं. तेरा साती किती? एक्क्याण्णव. बरोबर, पाढा पाठ आहे तुमचा. आता सतरा गुणिले तेवीस? थोडं थांबलात, पण जमेल. सतरा वीसे तीनशे चाळीस, सतरा त्रिक एक्कावन्न, झाले ३९१.

आता समजा मी हे सगळं सांगितलंच नसतं आणि एकदम विचारलं असतं, ‘कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार ३९१ होतो?’ मग काय केलं असतं? दोनने जात नाही. तीनने जात नाही. पाचने नाही, सातने नाही, अकराने नाही, तेराने नाही… आणि मग कुठे सतरा सापडले असते.

आपण पाढे एकाच दिशेने पाठ करतो. सतरा आणि तेवीस दिले की ३९१ मिळतात. ३९१ दिले की सतरा आणि तेवीस मिळतीलच, असं नाही. जाताना उतार, येताना चढ. आजचा भाग या चढाबद्दल आहे. माणसं हा चढ कशी चढली, काहींनी त्यात किती वर्षं घालवली, आणि ‘हा चढ कुणालाच जमणार नाही’ असं म्हणणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते बघू. शेवटी ही गोष्ट तुमच्या हातातल्या फोनपर्यंत येणार आहे, कारण त्यातल्या काही कुलपांचा भरवसा याच चढावर आहे.

मातीच्या पाटीवरची जोडी

चला, आधी खूप मागे जाऊ. जवळजवळ पावणेचार हजार वर्षं मागे, आजच्या इराकमध्ये. बॅबिलोनियातले लेखनिक ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूने खुणा करून हिशेब लिहायचे. आपण दहाच्या पटीत मोजतो, ते साठच्या पटीत मोजायचे. आपल्या घड्याळातली साठ मिनिटं आणि साठ सेकंद ही त्यांचीच देणगी.

त्यांच्याकडे जोड्यांची एक यादी असायची. २ आणि ३०. ३ आणि २०. ४ आणि १५. ५ आणि १२. ६ आणि १०. काय दिसतंय? प्रत्येक जोडीचा गुणाकार साठ. ही यादी शिकाऊ लेखनिक पाठ करायचे. उपयोग काय? भागाकार टाळायचा. पाचने भागायचं असेल तर बाराने गुणायचं आणि एक घर सरकवायचं, जसं आपण पाचने भागताना दोनने गुणून एक शून्य कमी करतो, तसंच. म्हणजे ‘कोणत्या दोन संख्या गुणून अमुक येतात’ हा प्रश्न त्यांच्यासाठी कोडं नव्हता, रोजच्या कामाचा भाग होता.

आता यातली एक पाटी बघू. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात ती आहे, क्रमांक वायबीसी ६९६७. तिच्यावरचा प्रश्न साधारण असा: दोन संख्यांचा गुणाकार ६० आहे, आणि मोठी संख्या लहान संख्येपेक्षा ७ ने जास्त आहे. संख्या कोणत्या?

नववी-दहावीतल्या मुलांना हे वर्गसमीकरण वाटेल. पाटीवर मात्र ‘क्ष’ वगैरे काही नाही. तिथे फक्त कृती आहे. सातचे निम्मे करा, साडेतीन. त्याचा वर्ग करा, सव्वा बारा. त्यात साठ मिळवा, सव्वा बहात्तर. याचं वर्गमूळ काढा, साडेआठ. आता साडेआठात साडेतीन मिळवा, बारा. साडेआठातून साडेतीन काढा, पाच. उत्तर: १२ आणि ५.

आता जरा लक्ष देऊन ऐका, कारण पुढचा सगळा भाग या एका गोष्टीवर उभा आहे. साडेआठ म्हणजे काय? पाच आणि बारा यांचा बरोबर मध्य. आणि साडेतीन म्हणजे मध्यापासून दोघांचं अंतर. मध्याचा वर्ग करा, त्यातून अंतराचा वर्ग काढा, राहतो तो गुणाकार. ७२.२५ वजा १२.२५, बरोबर ६०.

आपल्या ३९१ वर करून बघा. सतरा आणि तेवीस यांचा मध्य वीस. दोघांचं वीसपासूनचं अंतर तीन. विसाचा वर्ग ४००, तिनाचा वर्ग ९. चारशे वजा नऊ, ३९१. जमलं! कुठल्याही दोन संख्या घ्या, हे जमतंच. शाळेत आपण ‘ए वर्ग वजा बी वर्ग’ म्हणून हेच सूत्र घोकलं, पण ते कशासाठी घोकतोय हे फारसं कुणी सांगत नाही.

फक्त एक मोठी अडचण आहे. पाटीवरच्या प्रश्नात फरक सात आहे, हे आधीच सांगितलंय. फरक माहीत नसेल तर?

नारायण पंडितांची युक्ती, १३५६

आता बॅबिलोनिया सोडून आपण भारतात येतोय, आणि मध्ये तीन हजार वर्षं गेली आहेत. सन १३५६. नारायण पंडित नावाच्या गणितज्ञाने ‘गणितकौमुदी’ हा संस्कृत ग्रंथ पूर्ण केला. हे ‘हितोपदेश’वाले नारायण नव्हेत बरं का, ते वेगळे. आपले हे नारायण पंडित गायींच्या कोड्यामुळे ओळखले जातात: एक गाय दरवर्षी एक वासरू देते, तर वीस वर्षांनी कळप केवढा, असं ते कोडं. जादूच्या चौरसांवरही त्यांनी खूप लिहिलंय.

याच ग्रंथात संख्येचे भाजक शोधण्याचा विषय आहे, ‘भागादान’ नावाचा. त्यात नारायण पंडितांनी एक सुरेख वाट दाखवली. फरक माहीत नाही ना? हरकत नाही. दिलेल्या संख्येच्या लगेच वरचा पूर्ण वर्ग घ्या. त्यातून संख्या वजा करा. उरलेली संख्या स्वतः पूर्ण वर्ग आहे का बघा. असेल तर काम झालं. नसेल तर पुढचा वर्ग घ्या.

११६१ ही संख्या घेऊ. चौतिसाचा वर्ग ११५६, तो कमी पडतो. पस्तिसाचा वर्ग १२२५. त्यातून ११६१ गेले, उरले ६४. चौसष्ट म्हणजे आठाचा वर्ग! म्हणजे मध्य ३५, अंतर ८. पस्तीस अधिक आठ ४३, पस्तीस वजा आठ २७. आणि ४३ गुणिले २७ बरोबर ११६१. एका फटक्यात जोडी सापडली.

पुढच्या वर्गाकडे जायलाही पुन्हा गुणाकार करत बसायचं नाही. वर्गांमधलं अंतर विषम संख्यांनी वाढत जातं, त्यामुळे आधीच्या उरलेल्या आकड्यात पुढची विषम संख्या मिळवायची, बस. १००१ घ्या. बत्तिसाचा वर्ग १०२४, उरले २३. वर्ग नाही. ६५ मिळवा, ८८. नाही. ६७ मिळवा, १५५. नाही. असं करत करत चौदाव्या पावलाला तुम्ही पंचेचाळिसाच्या वर्गापाशी येता, आणि उरतात १०२४, म्हणजे बत्तिसाचा वर्ग. पंचेचाळीस अधिक बत्तीस ७७, वजा बत्तीस १३. जोडी मिळाली.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, ‘अहो, पण १००१ ला सरळ भागत गेलो असतो तर सातानेच भाग गेला असता की!’ अगदी खरं. सरळ भागण्याची पद्धत लहान भाजक पटकन पकडते. नारायण पंडितांची पद्धत जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन संख्या पटकन पकडते. जोडीतल्या संख्या जितक्या जवळ, तितकी पावलं कमी. जितक्या लांब, तितकी पायपीट जास्त. हे लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळं ठरणार आहे. (आणि सम संख्या असेल तर आधी तिच्यातले सगळे दोन काढून टाकायचे, मग ही युक्ती लावायची.)

जवळजवळ तीनशे वर्षांनी फ्रान्समध्ये पिएर द फर्मा या माणसाला हीच वाट सापडली. पेशाने वकील, गणित हा छंद. १६४३ च्या सुमारास त्याने उदाहरण म्हणून २०२ कोटी ७६ लाख ५१ हजार २८१ ही संख्या घेतली आणि बारा पावलांत तिची जोडी काढून दाखवली: ४६०६१ आणि ४४०२१. आज जगभरच्या पुस्तकांत ही पद्धत फर्माच्या नावाने शिकवतात. ‘गणितकौमुदी’ छापील रूपात आली तीच मुळी १९३६ आणि १९४२ साली, बनारसहून, दोन भागांत. तोपर्यंत नाव पक्कं झालं होतं.

कोष्टकांसाठी आयुष्य

युक्ती होती, पण ती सगळीकडे चालत नव्हती. मग लोकांनी दुसरा विचार केला. एकदाच मेहनत करू आणि प्रत्येक संख्येचे अवयव लिहून ठेवू. जसं टेलिफोन डिरेक्टरीत नाव शोधायचो, तसं संख्या शोधायची.

व्हिएन्नातला एक शाळामास्तर, अँटोन फेल्केल, या कामाला लागला. १७७६ मध्ये त्याची कोष्टकं छापून यायला लागली, ४ लाख ८ हजारांपर्यंतची. छपाईचा खर्च ऑस्ट्रियाच्या सरकारी खजिन्याने उचलला होता. पण गिऱ्हाइकंच मिळेनात. पुढे तुर्कांशी लढाई आली. दारूगोळ्याची काडतुसं गुंडाळायला कागद हवा होता. खजिन्याने फेल्केलच्या न खपलेल्या प्रती घेतल्या आणि त्यांची काडतुसं केली. थोड्या प्रती वाचल्या, बाकीचं गणित रणांगणावर जळून गेलं.

त्यानंतर प्रागचे प्राध्यापक याकोब कुलिक. त्यांनी फावल्या वेळात सुमारे वीस वर्षं खपून हाताने कोष्टकं लिहिली, दहा कोटींपर्यंतची. हस्तलिखिताचे आठ खंड. त्यांच्या मृत्यूनंतर ते व्हिएन्नाच्या अकादमीकडे गेले. त्यातला दुसरा खंड गहाळ झाला, आणि उरलेल्यांत पुढे चुकाही सापडल्या. वीस वर्षं, आणि तेही फक्त दहा कोटींपर्यंत.

‘माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही’

आता १८७४, इंग्लंड. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स हे अर्थशास्त्र आणि तर्कशास्त्र या दोन्हींतलं मोठं नाव. त्यांनी ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायन्स’ हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांना एक मुद्दा मांडायचा होता: काही कामं एका बाजूने सोपी असतात आणि उलट्या बाजूने भयंकर अवघड. उदाहरण म्हणून त्यांनी एक संख्या दिली.

८६१ कोटी ६४ लाख ६० हजार ७९९.

आणि वाचकाला विचारलं की ही कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार आहे? वर असंही लिहिलं की माझ्याशिवाय हे कधी कुणाला कळेल, असं मला वाटत नाही.

उगाच नव्हतं ते. कुलिक यांची कोष्टकं दहा कोटींवर संपतात, ही संख्या ८६१ कोटींची. एकेका मूळ संख्येने भागत बसलात, तर साडेआठ हजारांहून जास्त भागाकार करावे लागतील, तेव्हा कुठे पहिला भाजक लागेल. हाताने, कागदावर. कोण बसणार?

तरी माणसं बसली. १८८९ मध्ये चार्ल्स बस्क यांनी उत्तर काढलं. म्हणजे जेव्हन्स यांच्या त्या वाक्याला पंधरा वर्षंच झाली होती. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या डेरिक नॉर्मन लेमर यांनीही ते काढलं. हे लेमर म्हणजे पुढे १९०९ मध्ये एक कोटीपर्यंतची अवयवांची कोष्टकं छापणारे. उत्तर होतं: ८९६८१ आणि ९६०७९.

या दोन संख्यांकडे पुन्हा एकदा बघा. ८९ हजार आणि ९६ हजार. कशा आहेत? जवळजवळ!

मी मोबाइलवरचा साधा कॅल्क्युलेटर घेऊन हिशेब केला. जेव्हन्स यांच्या संख्येच्या लगेच वरचा पूर्ण वर्ग आहे ९२८२५ चा. तिथून नारायण पंडितांच्या पद्धतीने एकेक पाऊल पुढे जायचं. जोडीचा मध्य किती? ९२८८०. म्हणजे ९२८२५ पासून मोजली तर बरोबर छप्पन पावलं. छप्पन्नाव्या पावलाला उरतात १ कोटी २ लाख ३३ हजार ६०१, आणि हा ३१९९ चा वर्ग आहे. ९२८८० अधिक ३१९९, वजा ३१९९. खेळ खलास.

छप्पन बेरजा! त्यातही प्रत्येक पावलाला वर्गमूळ काढायची गरज नाही. कुठलाही पूर्ण वर्ग २, ३, ७ किंवा ८ ने संपत नाही, त्यामुळे बरेच आकडे नुसता शेवटचा अंक बघून बाद होतात. एका पावलाला एक मिनिट धरलं, तरी तासाभरात उत्तर. अमेरिकन गणितज्ञ सॉलोमन गोलम यांनी १९९६ मध्ये यावर लेखच लिहिला, की जेव्हन्स यांची संख्या त्यांच्या काळातही हाताने फोडता आली असती.

म्हणजे बघा. १८७४ मध्ये इंग्लंडमधला एक अतिशय हुशार माणूस म्हणतो, हे कुलूप कुणाला उघडणार नाही. आणि त्याची चावी १३५६ मध्ये, ५१८ वर्षं आधी, एका संस्कृत ग्रंथात लिहिलेली असते.

मला इथे जेव्हन्स यांची चेष्टा करायची नाही. त्यांचा मूळ मुद्दा शंभर टक्के खरा होता, उलटा रस्ता खरंच अवघड आहे. पण ‘मला आणि माझ्या ओळखीच्यांना जमत नाही’ आणि ‘कुणालाच जमणार नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्यांनी पहिल्याच्या जोरावर दुसरं लिहिलं.

एक अक्षर न बोलता दिलेलं भाषण

ही युक्ती सगळीकडे चालते असं समजू नका. लगेच उलटं उदाहरण देतो.

दोनचा ६७ वा घात घ्या, त्यातून एक वजा करा. २१ अंकी संख्या येते: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. १८७६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी सिद्ध केलं की ही मूळ संख्या नाही, म्हणजे ती फुटते. पण कोणत्या दोन संख्यांत फुटते? ते त्यांच्या पद्धतीतून कळत नव्हतं. गंमत आहे ना? कुणीतरी तुम्हाला खात्रीने सांगतं की पेटीत दोन वस्तू आहेत, पण पेटी उघडत नाही.

३१ ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. गणिताचे इतिहासकार ई. टी. बेल यांनी सांगितलेली हकिकत अशी, की कोल एक शब्दही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूला दोनचा ६७ वा घात काढून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ लिहून त्यांचा हाताने गुणाकार केला. दोन्ही उत्तरं तंतोतंत जुळली. कोल खाली बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बेल यांनी नंतर विचारलं, किती वेळ लागला? उत्तर आलं, तीन वर्षांचे रविवार.

तपासायला एक फळा पुरला. शोधायला तीन वर्षांचे रविवार गेले. उतार आणि चढ यांत केवढा फरक आहे, हे यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

इथे नारायण पंडितांची पद्धत वापरली असती तर? जोडीतली एक संख्या नऊ अंकी, दुसरी बारा अंकी. फारच लांब. पावलं लागली असती ३६८ अब्जांहून जास्त. मिनिटाला एक धरलं तर सात लाख वर्षं.

आणि ‘फुटते का’ आणि ‘कशी फुटते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही गोष्ट आजही तशीच आहे. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं की एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे कायम वाजवी वेळात ठरवता येतं. साऱ्या जगात त्याची बातमी झाली. पण तेही पेटीत वस्तू आहेत की नाही एवढंच सांगतं. पेटी उघडत नाही.

चढाचंच कुलूप केलं

हजारो वर्षं हा चढ म्हणजे नुसती डोकेदुखी होती. १९७७ मध्ये तिघांनी तिचा उपयोग केला. रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर, लेन एडलमन. त्यांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजे आरएसए. (ब्रिटिश गुप्तचर यंत्रणेत क्लिफर्ड कॉक्स यांना १९७३ मध्येच हे सुचलं होतं, पण ते वर्षानुवर्षं गुप्त ठेवलं गेलं.)

कल्पना अशी: दोन प्रचंड मूळ संख्या घ्या, गुणा, आणि गुणाकार जगाला सांगून टाका. त्या गुणाकाराच्या मदतीने कुणीही तुमच्यासाठी निरोप कुलूपबंद करू शकतो. उघडायला मात्र मूळची जोडी लागते, आणि ती फक्त तुमच्याकडे.

त्या वर्षी मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात १२९ अंकी संख्या छापली. फोडणाऱ्याला शंभर डॉलरचं बक्षीस. अंदाज दिला होता चाळीस क्वाड्रिलियन वर्षांचा, म्हणजे चारावर सोळा शून्यं इतकी वर्षं.

लागली सतरा. एप्रिल १९९४ मध्ये ती फुटली. सुमारे सहाशे स्वयंसेवक, जगभरातले संगणक, इंटरनेटवरून वाटून घेतलेलं काम, आठ महिने. पण एवढ्या संगणकांचा घाम गाळूनही साध्या भागाकाराने ते झालं नसतं. त्यांनी वापरलेली पद्धत कार्ल पॉमरन्स यांनी १९८१ मध्ये शोधलेली होती. तिच्या मुळाशी काय होतं माहितीये? दोन वर्गांची वजाबाकी! संख्या स्वतः दोन वर्गांची वजाबाकी होईपर्यंत वाट बघायची नाही, तिची कुठलीही पट तशी मिळाली तरी चालेल, ही सुधारणा मोरिस क्राइचिक यांनी १९२० च्या दशकात सुचवली होती. म्हणजे मातीच्या पाटीवर दिसणारी, नारायण पंडितांनी चालवलेली, फर्माने पुन्हा शोधलेली तीच कल्पना, तिची पणती म्हणा हवं तर.

फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. आज वापरात असलेल्या आरएसए चाव्या साधारण ६१७ अंकी किंवा त्याहून मोठ्या असतात. तिथे अजून कुणी पोहोचलेलं नाही.

२०२२ चा धक्का

मग जुनी साधी पद्धत आता फक्त पुस्तकात उरली का? नाही, म्हणून तर हा भाग केला.

आरएसए चावी बनवण्याच्या नियमांत एक अट आहे: दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ नसाव्यात. का, ते आता तुम्हीच सांगाल. जवळ असतील तर छप्पन पावलांत खेळ खलास.

२०२२ मध्ये हानो ब्योक या जर्मन पत्रकार-संशोधकाने खऱ्या वापरातल्या चाव्यांचा ढीग तपासला. त्यात काही प्रिंटरनी बनवलेल्या चाव्या सापडल्या, ज्यांतल्या दोन मूळ संख्या जवळजवळ होत्या. सहाशेहून जास्त अंकांची संख्या, दिसायला अभेद्य, आणि शाळेतल्या ‘ए वर्ग वजा बी वर्ग’ने लगेच फुटणारी. कुलूप मोठं होतं, पण चावी पायपुसण्याखाली ठेवली होती.

जेव्हन्स यांच्या बाबतीत जे झालं, तेच १४८ वर्षांनी पुन्हा झालं. दोन्ही वेळा संख्येचा आकार बघून लोक निर्धास्त झाले. जोडीतल्या दोघी एकमेकींपासून किती लांब आहेत, हे बघायचं राहिलं.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

हा खरा प्रश्न आहे. मोठ्या संख्येची जोडी शोधणं कायम अवघडच राहील, याची सिद्धता आजवर कुणी दिलेली नाही. ‘पुष्कळ हुशार लोकांनी पुष्कळ वर्षं प्रयत्न केले आणि सोपी वाट सापडली नाही’, एवढाच आपला आधार. तो फालतू आधार नाही, पण तो भिंतीसारखा पक्काही नाही. १९९४ मध्येच पीटर शोर यांनी दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर ही जोडी झटपट सापडेल. २००१ मध्ये तशा एका छोट्या यंत्राने १५ ची जोडी काढली, ३ आणि ५. हसू येईल, पण म्हणूनच ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने वेगळ्या गणितावर उभ्या असलेल्या नव्या कुलपांची मानकं जाहीर केली. वाट सापडण्याआधीच कुलूप बदलायला घेतलंय.

मला हे शहाणपणाचं वाटतं. जेव्हन्स म्हणाले, कुणाला कळणार नाही. गार्डनर यांच्या सदरात आलं, चारावर सोळा शून्यं इतकी वर्षं. दोघांचाही हिशेब त्यांना माहीत असलेल्या वाटांपुरता होता. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी तुम्हाला म्हणालं की ‘हे ॲप कुणीच हॅक करू शकत नाही’, तर घाबरू नका आणि भारावूनही जाऊ नका. फक्त विचारा, ‘कोणत्या वाटेने करून बघितलंत?’ आणि फोनचं अपडेट आलं की ‘नंतर’ वर बोट ठेवायच्या आधी त्या प्रिंटरच्या चाव्या आठवा. कुलूप बदलण्याची सोय त्या अपडेटमधूनच येते.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. संख्या आहे २८४५९. भागत बसायचं नाही. लगेच वरचा वर्ग घ्या, वजा करा, उरलेला आकडा बघा. दोन पावलांत जोडी हातात येईल. ज्या मित्राला गणिताची भीती वाटते त्याला आधी नुसती संख्या पाठवा, अर्धा तास झटू द्या, आणि मग ही युक्ती सांगा. पुढच्या भागात भेटूच!